केळं तरंगलं, वाघाचं काय?

कोथरूडात आमचा एक वाचनगट आहे. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका मावशींच्या गच्चीवर अकरा जण जमतात. एक पुस्तक, पोहे, चहा आणि दीड तास गप्पा. गटाला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. चर्चा मार्गाला लावायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, कारण बाकी कुणी घेत नाही. डिसेंबरच्या बैठकीत जे झालं ते मी इथे सविस्तर मांडतोय. असे गट चालवणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच. नावं मुद्दाम देत नाही. माणसं ओळखीची आहेत आणि पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचंय.

पुस्तक होतं यान मार्टेल यांचं 'लाइफ ऑफ पाय'. 2001 ची कादंबरी, 2002 चं बुकर. शेवट फोडल्याशिवाय हे प्रकरण सांगताच येत नाही, तेव्हा ज्यांना वाचायचीय त्यांनी इथेच थांबावं.

पाँडिचेरीतल्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा सोळा वर्षांचा मुलगा, पाय पटेल. 21 जून 1977 ला हे कुटुंब जनावरांसकट मद्रासहून एका जपानी मालवाहू जहाजानं कॅनडाला निघतं. 2 जुलैला जहाज प्रशांत महासागरात बुडतं. जीवरक्षक होडीत उरतात तंगडी मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान मादी, बंगाली वाघ आणि हा मुलगा. तरस झेब्र्याला खातं, मग ओरांगउटानला मारतं. वाघ तरसाला मारतो. पुढे वाघ आणि मुलगा एकाच होडीत. 227 दिवसांनी, 14 फेब्रुवारी 1978 ला होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागते आणि वाघ मागे वळूनही न बघता जंगलात निघून जातो.

जपानच्या परिवहन मंत्रालयाचे दोन अधिकारी जहाज का बुडालं ते विचारायला इस्पितळात येतात. वाघाची गोष्ट त्यांच्या पचनी पडत नाही. मग पाय त्यांना दुसरी सांगतो. होडीत चौघं होती: तंगडी मोडलेला खलाशी, जहाजावरचा आचारी, पायची आई आणि तो स्वतः. आचाऱ्यानं खलाशी संपवला, मग आई मारली, आणि पायनं आचाऱ्याला मारलं. सांगून झाल्यावर तो विचारतो, तुम्हाला दोन्हींतली कुठलीच सिद्ध करता येत नाही, तुमच्या कामात कशानंच फरक पडत नाही, तर यातली सरस गोष्ट कुठली?

माझी चूक इथे झाली.

मी मुद्रितशोधनाचं काम करतो. दिवसभर एकेका अक्षराच्या चुका पकडून पोट भरतो. बहुतेकांनी पुस्तक इंग्रजीत वाचलं होतं, पण चर्चा मराठीत, म्हणून आदल्या रात्री मी चिठ्ठ्या लिहिल्या. इंग्रजी प्रश्न डोक्यात होता, आणि हातून लिहिलं गेलं: 'कोणती गोष्ट खरी? वाघाची की आचाऱ्याची?' पुस्तकात असा प्रश्न कुणी कुणाला विचारतच नाही. मी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या आणि अकरा वेळा तीच चूक केली. त्यात आपल्या भाषेचाही हात आहे म्हणा. मराठीत 'गोष्ट' म्हणजे रचलेली कथा आणि 'गोष्ट' म्हणजे घडलेली बाब. 'ही गोष्ट खरी आहे' असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. 'गोष्ट' शब्द आला की 'खरी' आपोआप मागून येते.

चिठ्ठ्या उघडल्या. आचारी सहा, वाघ तीन, एक कोरी, एकीवर 'दोन्ही'. आणि भांडण सुरू.

सगळ्यांत आधी सर्व्हेअर काका. मुंबईत मरीन इन्शुरन्सचे सर्व्हे करण्यात जन्म गेला, निवृत्तीनंतर कोथरूडात आले. बुडालेला, भिजलेला, जळालेला माल बघून क्लेम खरा की खोटा ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "माणूस दोन जबाब देतो तेव्हा ज्यात त्याची स्वतःची नाचक्की असते तो खरा धरायचा. वाघाच्या गोष्टीत पोरगा हिरो आहे. दुसरीत खुनी आहे. स्वतःला खुनी म्हणवून कोण घेतं?"

याला उत्तर दिलं कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीनं. गटात ती सर्वांत लहान. ती म्हणाली, "काका, दुसरा जबाब त्यानं आपणहून दिलाय का? अधिकाऱ्यांनी मागितला म्हणून दिलाय. जनावरं नसलेली, विश्वास बसेल अशी गोष्ट सांग म्हणाले, त्यानं तशी सांगितली. ऑर्डरप्रमाणे. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत, ते याचसाठी."

"ते पोलीस नव्हते. मंत्रालयाचे होते."

"खुर्चीच्या पलीकडे बसलेल्याला काय फरक पडतो?"

मुद्दा बिनतोड होता. पुस्तक काढून पाहिलं तर खरंच, दुसऱ्या गोष्टीच्या आधी पाय विचारतो की तुम्हाला आधीच ठाऊक असलेल्याला दुजोरा देणारी, भाकड वास्तवाची गोष्ट हवीय ना? मग बराच वेळ शांतता, आणि मग आचारी. आमच्यातल्या सहा जणांनी जिला 'उघडकीला आलेलं सत्य' मानलं होतं, ती फर्माइशीवर सांगितलेली आहे. पहिल्या वाचनात हे माझ्याही नजरेतून सुटलं होतं.

त्याच मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली आणि गच्चीवर जरा थंडी वाढल्यासारखं झालं. वाघाचं नाव रिचर्ड पार्कर. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असतं. 1884 मध्ये 'मिन्योनेट' नावाची नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना बुडाली, चौघं छोट्या होडीत उरले. विसाव्या दिवसाच्या आसपास दोघांनी मिळून सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारलं आणि तिघांनी खाल्लं. सुटका झाल्यावर त्यांनी लपवलंही नाही. समुद्राचा रिवाजच आहे म्हणाले. कोर्टानं मानलं नाही. जीव वाचवायला दुसऱ्याचा जीव घेणं हा बचाव होत नाही, असा निकाल लागला. डडली आणि स्टीफन्स खटला तो हाच. फाशीची शिक्षा झाली आणि पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. मारल्या गेलेल्या पोराचं नाव रिचर्ड पार्कर. आणि त्याच्या 46 वर्षं आधी, 1838 मध्ये, एडगर ॲलन पो यांनी एका कादंबरीत असाच एक भरकटलेला खलाशी मारून खाल्ला जाताना दाखवलाय, त्याचंही नाव रिचर्ड पार्कर.

"म्हणजे खाल्ल्या जाणाऱ्याचं नाव लेखकानं खाणाऱ्याला दिलंय," ती म्हणाली.

कादंबरीत हे नाव वाघाला कसं मिळतं ते काकांनी लगेच सांगितलं. शिकाऱ्याचं नाव आणि बछड्याचं नाव हावडा स्टेशनवरच्या कागदपत्रांत अदलाबदल होतं. काकांना हा भाग फार आवडला होता. "सगळ्या पुस्तकात विश्वास ठेवण्याजोगं एवढंच," ते म्हणाले, "कारकुनाची चूक."

आता केळी.

अधिकारी वाघाच्या गोष्टीवर जो पहिला ठोस आक्षेप घेतात तो वाघाबद्दल नाहीच. ओरांगउटान केळ्यांच्या तरंगत्या ढिगावर बसून होडीपाशी येते, असं पाय सांगतो. अधिकारी म्हणतो, केळी तरंगत नाहीत. पाय म्हणतो, तरंगतात, ते बेसिन भरा आणि टाकून बघा. टाकतात. तरंगतात.

हे वाचून दाखवल्यावर काका म्हणाले, "लेखक काय वाट्टेल ते लिहील. आपण टाकून पाहिलंय का?" मावशींच्या घरी खाली वेलची केळी होती. मावशींनी आधीच बजावलं, दुधाचं पातेलं मिळणार नाही. मग कपडे भिजवायची निळी बादली वर आली. गच्चीच्या नळाखाली ती भरली. काकांनी फणीतून एक केळं सोडवलं, देठ धरलं आणि अगदी हलक्या हातानं, फोटोला हार घालावा तसं, पाण्यावर ठेवलं. बुडालं. एवढ्यात कुणीतरी "हा!" म्हणेपर्यंत वर आलं आणि आडवं झालं. पाठीचा पिवळा कंगोरा तेवढा पाण्याबाहेर, बाकी सगळं आत. काकांनी बोटानं दाबलं, सोडलं, पुन्हा वर. दुसरं टाकलं, तेही तसंच. अकरा माणसं बादलीभोवती वाकून दोन केळी बघत होती. शेजारच्या इमारतीतला एक गृहस्थ वाळत घातलेल्या चादरीआडून आमच्याकडे बघत होता.

मग जे झालं त्यासाठी खरं तर मी हे लिहितोय. आचाऱ्याच्या बाजूचे दोघे, एक बँकेतले आणि एक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, तिथल्या तिथे वाघाकडे वळले. बाईंचे शब्द असे: "मग बाकीचंही असू शकतं की." बादलीत सिद्ध काय झालं होतं? केळं पाण्यापेक्षा हलकं असतं, इतकंच. काका ओरडून सांगत होते की तरंगणं वेगळं आणि भार पेलणं वेगळं. जे केळं स्वतःच जेमतेम पाण्याबाहेर आहे ते ओरांगउटानला कुठून उचलणार? कुणी ऐकेना. ज्याची खात्री करता येते असं एक क्षुल्लक काहीतरी खरं निघालं, आणि त्याच्या पाठीवर बसून दोनशे किलोचा वाघ आत आला.

माझ्या मते या कादंबरीच्या शेवटाची सगळी कारागिरी इथे आहे. पाय वाघाचा पुरावा देतच नाही. तो केळ्याचा देतो. समोरच्यानं 'अशक्य' म्हटलेली एक बारकी वस्तू शक्य करून दाखवतो, आणि मग मोठ्या अशक्यापाशी आल्यावर माणूस स्वतःच्या 'अशक्य'वर भरवसा ठेवेनासा होतो. आमच्या बाई विज्ञान शिकवतात, तरी फसल्या. खरं तर विज्ञान शिकवतात म्हणूनच फसल्या असतील. प्रयोगाचा मान राखायची सवय.

हाच डाव पुस्तकाच्या सुरुवातीलाही टाकलेला आहे, हे त्या दिवशी कळलं. आमच्यातले दोघे ही सत्यकथाच आहे असं धरून वाचत आले होते. कारण लेखकाचं मनोगत. त्यात मार्टेल सांगतात की आधीची एक कादंबरी माथेरानला बसून लिहीत होते, ती तिथेच मेली, मग ते पाँडिचेरीला गेले आणि तिथल्या कॉफी हाउसात एका म्हाताऱ्यानं त्यांना ही हकिगत सांगितली. माथेरान! आपलं, नेरळहून वर जायचं, लाल मातीचं. ते आलं की पुणेकर वाचकाची मान आपोआप डोलते. माथेरान खरं, म्हणून कॉफी हाउस खरं, म्हणून म्हातारा खरा. म्हातारा कादंबरीतलं पात्र आहे. काका म्हणाले, "माथेरान म्हणजे पहिलं केळं." तेव्हापासून आमच्या गटात हा वाक्प्रचारच झालाय. कुणी थाप मारायच्या आधी एखादा खरा तपशील पेरला की लोक म्हणतात, केळं तरंगलं.

कोरी चिठ्ठी कुणाची ते पुढच्या दहा मिनिटांत उघड झालं. पॅथॉलॉजीच्या डॉक्टर ताईंची. घरून येताना त्या आचाऱ्याच्या बाजूच्या होत्या. मनाला न सोसणाऱ्या प्रसंगावर मन जनावरांचं पांघरूण घालतं, हे त्यांना पटलेलं होतं. पण चिठ्ठी लिहिताना दात आठवले. प्रवासात एक शैवालाचं तरंगतं बेट लागतं, त्यावर हजारो मीरकॅट, म्हणजे मुंगसाच्या कुळातली छोटी जनावरं, असतात. एका झाडाला फळासारखं काहीतरी लागलेलं. पाय पानं उलगडत जातो आणि प्रत्येक फळाच्या आत माणसाचा एकेक दात. अख्खा जबडा भरेल इतके. "झेब्रा म्हणजे खलाशी, तरस म्हणजे आचारी, आई म्हणजे ओरांगउटान, इथवर ठीक," त्या म्हणाल्या. "मग मीरकॅट कोण? दात कुणाचे?" पुस्तकात तो जपानी अधिकारीही ही जोडाजोड करत येतो आणि इथे हात टेकतो. मला नाही माहीत, मी त्याच्या डोक्यात बसलेलो नाही, अशा अर्थाचं बोलतो. ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला होता त्यांना ही जोडाजोड कोड्याचं उत्तर वाटली होती. पुस्तकात ते उत्तर अर्ध्यावर सुटतं.

चित्रपटाबद्दल एक सांगायला हवं. अँग ली यांचा 2012 चा तो चित्रपट चार जणांनी पुस्तकाऐवजी पाहिला होता (कबूल एकानंच केलं). त्यात वाघाची गोष्ट डोळ्यांसमोर घडते, आणि आचाऱ्याची मात्र मुलगा इस्पितळातल्या खाटेवरून नुसती तोंडानं सांगतो. एक गोष्ट पाहिलेली, दुसरी ऐकलेली. तरी त्यातले तिघे आचाऱ्याकडे गेले, याचं मला नवल वाटतं. त्यांचं म्हणणं, जे दाखवायला दिग्दर्शक धजला नाही तेच खरं असणार.

माझा एक प्रयोग मात्र पार फसला. होडी 26 फूट लांब, 8 फूट रुंद. मी आदल्या दिवशी गच्चीवर खडूनं ती आखून ठेवली होती. सगळ्यांना आत बसवलं की कोंडलेपण अंगावर येईल अशी कल्पना. बसवलं. कायद्याची मुलगी म्हणाली, "ही माझ्या पीजीच्या खोलीपेक्षा मोठी आहे, आणि तिथे आम्ही तिघी राहतो." हशा झाला आणि विषय भाड्यांवर गेला.

मावशींनी पुस्तक वाचलं नव्हतं. सुनेनं रोज रात्री थोडं थोडं सांगितलं, तेवढं त्यांना पुरलं. त्यांना आमच्या भांडणातलं काही कळत नव्हतं असं मी आधी धरून चाललो. मग त्या म्हणाल्या, "श्रावणात आटपाट नगराची कहाणी ऐकतो, तेव्हा ते नगर कुठे होतं विचारतो का आपण? साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हणायचं, घेतला वसा सांभाळायचा. तुम्ही चिठ्ठीवर हे काय लिहिलंत, खरी कुठली? त्या पोरानं विचारलं बरी कुठली."

खरी आणि बरी. एका अक्षराची चूक, आणि मुद्रितशोधकाची ती मावशींनी दाखवावी.

जानेवारीच्या बैठकीत मी नव्या चिठ्ठ्या नेल्या: 'कोणती गोष्ट बरी?' मला वाटलं आता गाडी रुळावर येईल. वाघ पाच, आचारी दोन, आणि चौघांनी चिठ्ठी घ्यायलाच नकार दिला. पहिल्यापेक्षा हे भांडण जास्त कडू झालं. कायद्याची मुलगी नकार देणाऱ्यांत होती. तिचं म्हणणं, डोळ्यांदेखत आई मारली गेलेल्या मुलाच्या हकिगतीला 'कमी बरी' म्हणायला आपण कोण? प्रश्नच असा घातलाय की वाघाखेरीज उत्तर देणारा कोरडा ठरावा. आणि अधिकाऱ्यांनी वाघ निवडल्यावर पाय म्हणतो की देवाचंही असंच आहे. देवाधर्माशी फारकत घेतलेल्या आमच्या एका सदस्याचा इथे भडका उडाला. "गोड वाटतं म्हणून माना, हेच सांगायला इतका समुद्र तुडवला?" त्यानंच एक बारीक विसंगती दाखवली, तिला माझ्याकडे अजून उत्तर नाही. सातव्या प्रकरणात पाय म्हणतो की नास्तिक मला समजतात, पण संशयातच बसून राहणारे खुपतात. आणि पुस्तक संपतं तेव्हा वाचकाला नेमकं त्याच संशयाच्या खुर्चीत बसवून जातं.

मावशींना हे पटलं नाही. पण "वसा गोड वाटतो म्हणून घेत नाहीत रे" एवढंच म्हणून त्या गप्प बसल्या.

आणखी एक वाचक होते, ज्यांनी दोन्ही वेळा कुठलीच बाजू घेतली नाही. 'दोन्ही' लिहिणारे ते. बोलत फार नाहीत. जाताना म्हणाले, "वाघ वळून बघत नाही, त्याचं त्या मुलाला आयुष्यभर वाईट वाटतं. वैकुंठ स्मशानातून निघताना आपल्याला सांगतात ना, मागे वळून बघायचं नाही. इथे जाणारा वळला नाही." त्यांच्या घरी दीड वर्षापूर्वी काय झालं ते आम्हाला माहीत आहे. कुणी काही बोललं नाही आणि मीही चर्चा पुढे नेली नाही. दोन बैठकांत मी बरोबर केलं असं एवढंच सांगता येईल.

पुन्हा हे पुस्तक घेतलं तर मी चिठ्ठ्या लिहिणार नाही. इस्पितळातला तो भाग जवळजवळ सगळा संवादच आहे. तिघांना वाटून देऊन मोठ्यानं वाचायला लावीन, केळ्यांपाशी थांबेन आणि बादली तयार ठेवीन. कुणी 'खरी' शब्द वापरला तर कशाबद्दल ते विचारीन.

काकांचं मत मात्र जानेवारीपर्यंत बदललं होतं, आणि भलत्याच दिशेला. त्यांनी पुस्तक पुन्हा वाचलं, पेन्सिल घेऊन. अखेरीस अधिकाऱ्याचा अहवाल येतो. त्यात जहाज बुडण्याचं कारण कळलं नाही असं आहे, आणि पाय प्रौढ बंगाली वाघासोबत तगून राहिला असंही आहे. काका चिडले होते. "सही करणारा माणूस वाघ लिहितो, आणि कारणाच्या रकान्यात काही नाही. तो पोरगा स्वतः सांगतोय त्यांना, की दोन्ही गोष्टींतून जहाज का बुडालं ते कळत नाही. तुम्ही सगळे दोन महिने वाघ-आचारी करताय. ज्या कामासाठी ती दोघं आली होती ते काम झालंच नाही, हे एकालाही खटकलं नाही?"

नव्हतं खटकलं. मलाही नाही.

गेल्या आठवड्यात ते कर्वे पुतळ्यापाशी भेटले. हातात मेथीची जुडी. सिग्नल सुटायची वाट बघत उभे होतो. ते म्हणाले, "पनामाचा झेंडा, जुनं जहाज, आणि बुडताना लोखंडानं ढेकर दिल्यासारखा आवाज. मला सांग, आवाज आधी झाला की जहाज आधी कललं?"

मी म्हटलं, पुस्तक उघडून बघावं लागेल.

"बघ आणि कळव," ते म्हणाले. "वाघाचं तुमचं तुम्ही मिटवा."